दोर्किसच्या डाव्या हातावरची ढाल

मित्रांनो, शत्रूच्या देवळात टांगलेली मी एक जुनी ढाल आहे. हलक्या लाकडावर कांशाचा पत्रा चढवून मला घडवलं. माझा धनी दोर्किस, डोंगरउतारावर द्राक्षमळा राखणारा ग्रीक. त्याची बायको मेलित्ता मला राखेनं घासायची तेव्हा तो म्हणायचा, "मला कधी इतक्या मायेनं चोळून अंघोळ घातली नाहीस!"

मी धन्याचं अर्धंच अंग झाकायची. माझी उरलेली बाजू डावीकडच्या माणसासाठी. धन्याची उजवी कूस झाकायची ती उजवीकडच्याच्या ढालीनं. आमची लढायची रीतच अशी.

त्या सकाळी शत्रूची रांग आमच्यापेक्षा कितीतरी लांब होती. सेनापती ओरडला, "आठ रांगांच्या चार करा! नाहीतर वळसा घालून पाठीवर येतील." आमची फळी लांबली, पण कणकेसारखी पातळ झाली. आमच्या तुकडीत दोर्किस डावीकडे अगदी टोकाला. त्याच्या पलीकडे दुसरी तुकडी सुरू व्हायची आणि तिचा पहिला माणूस होता मेलित्ताचा भाऊ, निकांद्र.

"दाजी, तुमच्या बकरीनं माझा मळा फस्त केला, ते माफ. ढाल तेवढी माझ्याकडे राहू द्या."

"थरथरतोस काय रे?"

"मी कुठं? वाऱ्यानं भाला हलतोय."

"वारा कुठाय?"

गोफणीचे दगड माझ्यावर तडतडले. बासरी वाजली, फळी चालू लागली. भीतीनं जो तो शेजाऱ्याच्या ढालीआड शिरू बघत होता, म्हणून आमची सगळी तुकडी उजवीकडे सरकत गेली. निकांद्रच्या तुकडीला मात्र ओढ्याची कड न सोडण्याचा हुकूम होता. दोघांमध्ये खिंडार पडलं. शत्रूनं ते हेरलं आणि भाले तिकडेच वळले.

"दोर्किस, इकडे सरक! मरशील!" उजवीकडचा ओरडला.

दोर्किसनं एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि तो डावीकडे धावला. मी निकांद्रच्या कुशीवर आले. दोन भाले माझ्यावर आदळून मोडले. तिसरा उजवीकडून आला. तिथं कुणाचीच ढाल नव्हती. मित्रांनो, माझं तोंड दुसरीकडे होतं. मी काहीच करू शकले नाही.

मागं पुरेशा रांगाच उरल्या नव्हत्या, त्याची जागा भरणार कोण? फळी फुटली. निकांद्रनं दाजीला काखेत धरून ओढलं, ओढलं, आणि शेवटी सोडून पळाला.

दुसऱ्या दिवशी तो प्रेत न्यायला आला. मला उचलू लागला तसा पहारेकरी गुरकावला, "मुडदा तुमचा. हत्यारं आमची."

"निदान ही ढाल तरी द्या हो. बहिणीसमोर रिकाम्या हातानं कसा जाऊ?"

"रिकाम्या कसा? हा आहे ना!" पहारेकरी हसला.

निकांद्रनं दाजीला खांद्यावर घेतलं.

आता माझा पट्टा उंदरांनी खाल्लाय, कांसं हिरवं पडलंय. इथली पोरं खडे मारून माझा आवाज ऐकतात. मला पुसायला या, असं मी म्हणत नाही. पण मित्रांनो, भीतीनं तुम्ही बाजूला सरकाल तेव्हा एकदा मागं वळून बघा, तुमच्यामुळे कोण उघडा पडलाय.