नर्मदेची पहिली

वरच्या वाडीतल्या धोंडू गावकराची नात नर्मदा तीन वर्षं पहिलीतच होती. पोर मठ्ठ नव्हती, दोष सगळा व्हाळाचा, दोन वाड्यांमधल्या ओढ्याचा. शाळा भरायची व्हाळापलीकडे, बागवाडीत, भाई सरपंचाच्या पडवीत. पावसाळ्यात व्हाळ असा फुगायचा की वरच्या वाडीतलं एकही पोर पलीकडे जात नसे. पाणी ओसरेपर्यंत बागवाडीची पोरं पाढ्यांवर गेलेली, आणि ही आपली पुन्हा गमभनपासून. घरात तिची चेष्टा व्हायची, तीही हसायची. यंदा मात्र हसली नाही.

"आजो, आता माका शाळेत धाडू नको," ती म्हणाली. "बारकी पोरां माका मावशी म्हणतत."

धोंडूनं हातातला घास ताटात ठेवला.

गाव वाढलं होतं. भाईच्या पडवीत शेवटच्या रांगेतल्या पोरांच्या पाठीवर पागोळ्या गळायच्या. सरकारनं शाळेची इमारत मंजूर केली, जागा तेवढी गावानं ठरवायची, आणि तिथंच घोडं अडलं. बागवाडी म्हणे शाळा आमच्यात, वरची वाडी म्हणे आमच्यात. शेवटी तालुक्याचे साहेब वैतागले. "जत्रेपर्यंत जागा ठरवा. नाहीतर इमारत शेजारच्या गावाला जाईल," असं बजावून गेले.

धोंडू भाईकडे गेला. "शाळा तुमच्याकडेच होवंदे. फक्त व्हाळार पोफळीच्या खोडांचो साकव घालूया, पोरांका चलत जावक. पोफळी तुमच्याच बागेत आसत."

"आमच्या पोफळी काय शाळेक जातत?" भाई सुपारी कातरत हसला. "साकव ज्येका व्हयो, तेणी घालूचो."

भाई माणूस वाईट नव्हता, पण उभी पोफळ तोडणं त्याच्या जिवावर यायचं. इकडे वरच्या वाडीनं धोंडूला फितूर ठरवलं. तो तोंड पाडून घरी आला तेव्हा त्याची बायको तुळसा म्हणाली, "गावासाठी देवाकडे इतकी वर्सां मागतास. नातीसाठी एकदा मागा."

 

जत्रेला रवळनाथाच्या देवळात दोन्ही वाड्या जमल्या. गाऱ्हाणं घालायचा मान धोंडूच्या घराण्याचा. त्यानं देवापुढे एकेक मागणं मांडायचं आणि गावानं दर वेळी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. सगळ्यांना ते तोंडपाठ, त्यामुळे कान देऊन ऐकतो कोण? निम्म्यांची नजर बाहेरच्या खाज्याच्या दुकानावर.

"बा देवा म्हाराजा, तुझी लेकरां तुझ्या पायाकडे जमली आसत..."

"व्हय म्हाराजा!"

"पिकापाण्याक बरकत दी, मुंबैक गेलल्यांका सुखात ठेव..."

"व्हय म्हाराजा!"

 देवाच्या दारात आपण हे काय करतोय, असं धोंडूच्या मनात आलं, तरी त्यानं पुढचं मागणं मांडलं.

"नवी शाळा बागवाडीत होतली, ती निर्विघ्न पार पाड रे म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!" वरची वाडीसुद्धा सवयीनं गरजली आणि मग एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिली. बागवाडीला तर आभाळ ठेंगणं झालं. धोंडूनं दम घेतला नाही.

"आणि बागवाडीची मंडळी आपल्या पोफळींचो साकव दरवर्सा व्हाळार घालतली, तेंका बळ दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांत मोठा आवाज भाईचा होता.

सगळ्यांच्या नजरा भाईकडे वळल्या.

"गावकरानू," भाई हळूच म्हणाला, "फसवलास माका!"

"मी देवाकडे मागलंय. व्हय तुमी म्हटलास," धोंडू म्हणाला. "वाकडा बोललंय आसान तर पाप माझ्या माथ्यार."

वरच्या वाडीच्या घोळक्यात कुणीतरी फिसकन हसलं. भाईनं डोळे वटारून तिकडे पाहिलं, आणि मग त्यालाही हसू आवरेना. देवासमोर दिलेला शब्द, आता मोडणार कोण?

शाळेच्या भिंती अजून चढत होत्या, पण साकव आधी झाला. पोफळी भाईनं स्वतः निवडून दिल्या, प्रत्येकीवर हात फिरवून.

आषाढात व्हाळ दोन्ही काठ गिळून धावत होता. डोक्यावर इरलं घेऊन नर्मदा साकवावर चढली. अलीकडे धोंडू हात जोडून उभा, पलीकडे भाई हात पुढे करून. "बा देवा म्हाराजा," धोंडू पुटपुटला, "चेडू माझा पलीकडे पोचांदे..."

पाण्याच्या त्या आवाजात भाईला त्यातलं अक्षरही ऐकू गेलं नसणार. त्याला दिसले ते फक्त जोडलेले हात.

"व्हय म्हाराजा!" पलीकडून भाई ओरडला, आणि त्यानं नर्मदेचा हात धरला.