इतर

गोठवलेल्या भाज्यांच्या त्या कारखान्यात पाच देशांतली माणसं कामाला होती. ती एकमेकांशी बोलायची हातवाऱ्यांनी, शिव्यांनी आणि इथल्या भाषेतल्या जेमतेम वीस शब्दांनी. त्यातल्या शिव्या सगळ्यांच्या सगळ्यात आधी पाठ झाल्या होत्या.

कारखान्याचा वायरमन हौशी माणूस. कामगारांच्या वसतिगृहातल्या मीटरच्या खोलीत त्यानं भंगारात निघालेला एक कॉम्प्युटर बसवला आणि त्यावर सगळ्यांसाठी एक छोटंसं नेटवर्क उभं केलं. जाहिराती नाहीत, कंपनीचा डोळा नाही. जगात असे हजारो छोटे सर्व्हर आहेत, प्रत्येकाचा मालक वेगळा, पण एकाचं टपाल दुसऱ्याकडे बिनबोभाट जातं, असं तो कौतुकानं सांगायचा. इथं कोणी चार ओळी लिहिल्या की तिकडे गावच्या सर्व्हरवर बायको वाचायची, उत्तर द्यायची. बघता बघता दोनशे जण त्यावर आले आणि वायरमनला जिन्यात, जेवणघरात सलाम मिळायला लागले.

मग कुरबुरी सुरू झाल्या. एकाच पानावर पाच लिप्या. ज्याला त्याला आपलं सोडून बाकी सगळं किडेमकोडे वाटायचं. प्रत्येक मजकुराखाली भाषांतराचं बटण होतं, पण ते भाषांतर म्हणजे दिव्यच. एकदा कोणीतरी दुसऱ्याच्या मुलीच्या फोटोखाली आशीर्वाद लिहिला, तो भाषांतरात भलताच झाला आणि जेवणघरात ताटं फेकून मारण्यापर्यंत मजल गेली. वायरमनच्या डोक्याला ताप झाला. शेवटी त्यानं एक गाळणी लावली. ज्याची जी भाषा तेवढीच त्याला दिसायची. यादीत चार मोठ्या भाषा होत्या. खाली एक रकाना होता, ‘इतर’. त्यावर खूण केली तरच तो मजकूर दिसणार. खूण कोणीच केली नाही. भांडणं थांबली, सगळ्यांनी वायरमनची पाठ थोपटली.

इतरमध्ये दोनच माणसं होती. एक मुका आणि दुसरा त्याचा मेहुणा. मुका काही मुका नव्हता. त्याची भाषा मेहुण्याशिवाय कोणाला कळत नव्हती, म्हणून पॅकिंगवाल्यांनी त्याचं नाव तसं पाडलं होतं. तो शीतखोल्या धुवायचा. मेहुण्याला इथली भाषा कामापुरती यायची, त्यामुळे दोघांचं बोलणं तोच बोलायचा. पण मेहुणा दोन महिन्यांच्या रजेवर घरी गेला आणि मुका खरोखरच मुका झाला.

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीला अर्धा तास असताना तीन नंबरच्या शीतखोलीत अमोनियाच्या नळाचा सांधा उडाला. तिघं खोकत, डोळे चोळत बाहेर आले. वायरमननं मेन स्विच पाडला, तोंडाला ओलं फडकं बांधलं आणि दोघांना घेऊन आत शिरला. मुका दाराजवळच पडला होता. हातात झाडू तसाच होता. त्याला बाहेर आणून आडवा केला तेव्हा पाय वायरमनच्या हातात होते, आणि ते आधीच जड झाले होते.

मॅनेजरनं दुपारीच सांगून टाकलं की गॅसच्या वासाची तक्रार कोणीही केलेली नव्हती. मेहुण्याचा फोन लागत नव्हता. मुक्याच्या घरी कळवायचं कसं, हा प्रश्न वायरमनवर आला. नेटवर्कवर त्याची बायको सापडेल म्हणून त्यानं मुक्याचं पान उघडलं. चारशेच्या वर मजकूर होते. हा माणूस इतका बोलका असेल असं त्याला स्वप्नातही वाटलं नव्हतं. तो एकेका मजकुराखालचं बटण दाबत गेला.

‘आज मटार. उद्या पण मटार. म्हातारपणी मी हिरवा होऊन घरी येईन.’ त्यावर बायकोनं हसून घेतलं होतं. असं बरंच काही. मग सोमवारचं आलं. ‘तीन नंबरमध्ये वास येतो, डोळे झोंबतात.’ बायकोनं लिहिलं होतं, सुपरवायझरला सांग. ‘सांगितलं. त्याला वाटलं मला सर्दी झाली. रुमाल दिला.’ मंगळवारी होतं, ‘वायरमनला नाक धरून दाखवलं. तो हसला, पाठीवर थाप मारली. भला माणूस आहे.’ आणि बुधवारी, ‘आता इथे सगळ्यांसाठी लिहितो. दोनशे जण आहेत. कोणीतरी वाचेल.’

वायरमनला तो मंगळवार आठवला. जिन्याजवळ मुक्यानं नाक चिमटीत धरलं होतं. त्या आठवड्यात वसतिगृहाचे संडास तुंबले होते. प्लंबर येतोय रे बाबा, असं सांगून तो पुढे गेला होता.

मुक्याच्या बायकोला त्यानं त्या दिवशी फक्त गेल्याचं कळवलं. दोन दिवस त्याला जेवण गेलं नाही. शेवटी त्यानं आपल्या बायकोला सगळं सांगितलं आणि हे चौकशीत दाखवणार असल्याचंही.

ती म्हणाली, “दाखवून तो परत येणार आहे का? आणि गाळणी तुम्हीच लावलीत, ते पण निघेल.”

“निघू दे,” तो म्हणाला.

चौकशी अधिकाऱ्यासमोर त्यानं सगळे मजकूर छापून ठेवले, गाळणीचंही सांगितलं. अधिकाऱ्यानं ते शांतपणे वाचले. कंपनीच्या वकिलानं मात्र तेच कागद उचलून धरले. कामगारांना गळती तीन दिवस ठाऊक होती, ती त्यांनी आपसातल्या खाजगी जागेत लिहिली, कंपनीला लेखी कळवलंच नाही, असा त्याचा मुद्दा. सुपरवायझरनं रुमालाच्या गोष्टीवर कानावर हात ठेवले. अहवालात दोष मुक्यावर आला. त्याच आठवड्यात मीटरच्या खोलीला कंपनीचं कुलूप लागलं. कामगारांनी मग आपापल्या देशांतल्या सर्व्हरवर खाती काढली, चार भाषांच्या चार जागा झाल्या. वायरमनला कोणी काही बोललं नाही. सलामही बंद झाले.

त्यानंतर वायरमननं दुसऱ्या एका सर्व्हरवरून मुक्याच्या बायकोला लिहिलं. नाक धरल्याचं, थापेचं, गाळणीचं, काही लपवलं नाही. चार दिवसांनी एका शब्दाचं उत्तर आलं. बटण दाबल्यावर खाली उमटलं, ‘माफ केलं.’ त्या रात्री किती दिवसांनी त्याला झोप लागली. पुढचे पंधरा दिवस तो त्या एका शब्दावर जगला. कामावर जाताना फोन काढून तो शब्द बघायचा, वाचता येत नव्हता तरी.

मग मेहुणा आला, मुक्याची पेटी न्यायला. डोळे आत गेलेले. सामान फारसं नव्हतंच. पेटीला दोरी बांधून झाल्यावर वायरमननं भीत भीत फोन पुढे केला. तुझ्या बहिणीनं हे लिहिलंय ना, एवढंच विचारलं.

मेहुण्यानं बघितलं. “काय वाटलं तुला?” त्यानं मोडक्यातोडक्या भाषेत विचारलं.

“माफ केलं, असं.”

मेहुण्यानं मान हलवली. शब्द जुळवायला त्याला वेळ लागला. “नाही. हे आमच्यात बोलणं संपलं की म्हणतात. फोन ठेवताना. त्यात दुसरं काही नाही.”

वायरमननं फोन खिशात ठेवला. पेटीचं एक कडं त्यानं धरलं, दुसरं मेहुण्यानं, आणि दोघं जिना उतरले. बस यायला पाऊण तास होता. मेहुणा बाकावर बसला, वायरमन पेटीजवळ उभा राहिला. मेहुण्याला वीस-तीस शब्द येत होते, त्यातले पुष्कळसे तो वापरू शकला असता. त्यानं एकही वापरला नाही.