काळी बोटं

शनिवारी सकाळी साडेसातला रसायनशास्त्राच्या मॅडमनी प्रयोगशाळेतल्या काकांची बोटं पाहिली. काळी होती.

मॅडम याच शाळेत शिकल्या. परीक्षानळी चिमट्यात कशी धरायची, हे त्यांना या काकांनीच दाखवलं होतं. पण गेला महिनाभर सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणाची बाटली वापरापेक्षा जास्त उतरत होती, आणि ते स्वस्त नसतं. कपाटाच्या किल्ल्या दोनच. एक काकांकडे, दुसरी मुख्याध्यापिका बाईंकडे.

"त्यांचंच काम हे," बाई म्हणाल्या होत्या. "तू फक्त हो म्हण, त्यांना घरी पाठवते."

मॅडमना आधी खात्री हवी होती. म्हणून कालच्या शेवटच्या तासाला, कोणाला न सांगता, कापसाच्या बोळ्याने त्यांनी तेच द्रावण बाटलीच्या गळ्याला बाहेरून लावलं. ते दिसत नाही. कातडीला लागलं की उजेडात काळं पडतं आणि साबणाला दाद देत नाही.

"काका, हात दाखवा."

"का, भविष्य सांगताय?" काकांनी हसत पंजा पुढे केला.

"काल ती बाटली कशाला काढली होती?"

"पुसायला. शाळा सुटली की सगळ्या पुसून कपाट लावतो, मॅडम. तू फ्रॉकमध्ये होतीस तेव्हापासून." बोलता बोलता ते थांबले. बोटं उलटीसुलटी करून पाहिली. "बाहेरून ओली होती काल. तुम्ही लावलंत होय?"

काका रोज बाटल्या पुसतात हे मॅडमच्या ध्यानातच आलं नव्हतं. पण चोरही दुसरं काय सांगणार?

मधल्या सुट्टीत त्यांनी बाईंना सगळं सांगितलं. बाईंनी मध्येच तोडलं. "पुसणं राहू दे. बोटं काळी आहेत की नाहीत?"

"आहेत."

"मग झालं तर."

सोमवारी काका आले नाहीत. त्यांची किल्ली बाईंनी मॅडमच्या हातावर ठेवली. "आता तूच सांभाळ."

किल्ली देताना बाईंचा अंगठा दिसला. पेरावर काळपट डाग होता. मॅडमनी काही विचारलं नव्हतं.

"काल कलप लावला ना," बाई म्हणाल्या.

मॅडमनी वर पाहिलं. बाईंचे केस खरोखरच काळेभोर होते.