गाळलेल्या तीन ओळी

"हा कोण शहाणा माझ्याआधी येऊन बसलाय?"

हे मला उद्देशून नव्हतं, हातातल्या पुस्तकाला उद्देशून होतं. आमच्या खोलीत चांगला उजेड एका खिडकीपाशीच पडतो, म्हणून आमच्या यांची खुर्ची आणि माझं शिवणयंत्र एकमेकांना चिकटून असतं. त्यांचं पुटपुटणं मला ऐकावंच लागतं. मी कुणाच्या तरी पँटची खालची दुमड घालत होते. सुई तशीच कापडात राहिली.

"काय झालं?"

"वाचनालयाच्या पुस्तकात पेन्सिलीनं दुरुस्ती केलीय कुणीतरी. पान एकशे बारा." चष्मा कपाळावर चढवून त्यांनी पान डोळ्यांजवळ नेलं. "'दिन डोळे' छापलंय. यानं समासात 'दीन' करून ठेवलंय. हात पक्का आहे. छापखान्यातलाच माणूस दिसतो." मग जरा नाराजीनंच म्हणाले, "माझ्या नजरेतून सुटलं असतं हे."

मी पुन्हा टाके घालू लागले. पान एकशे बारा. खोडायचं राहिलं होतं माझ्याकडून.

त्यांनी चौतीस वर्षं एका छापखान्यात मुद्रितं तपासली. वाचनालयाच्या पुस्तकांतल्या चुकाही ते पेन्सिलीनं दुरुस्त करून ठेवतात, म्हणून तिथे सगळे त्यांना वेलांटीकाका म्हणतात. तोंडावर नाही, पण त्यांना ते ठाऊक आहे आणि मनातून आवडतंही. मी लग्न होऊन आले तेव्हा जेमतेम चौथी शिकलेली. छापखान्यात काम तुंबलं की हे गठ्ठा घरी आणायचे. मुद्रितं तपासायला दोन माणसं लागतात: एकानं मूळ प्रत मोठ्यानं वाचायची, दुसऱ्यानं छापलेल्या कागदावर पेन्सिल फिरवायची. घरात दुसरं माणूस मीच. विरामचिन्हंसुद्धा वाचायची असतात, आणि वेळ वाचावा म्हणून ती अर्धवट म्हणायची. 'पाऊल वाजलं स्वल्प पण दारात कुणी नव्हतं पूर्ण.' पहिल्यांदा ऐकलं तेव्हा सासूबाईंना वाटलं, सुनेला वारं लागलं.

माझं सगळं शिक्षण हे असं झालं. भाडेकराराचे कायदे, गुडघेदुखीवरचे उपाय, प्रेमकथा, मधमाश्या पाळण्याची पुस्तिका, जे गठ्ठ्यात येईल ते. कंटाळा आला की मी एखादी ओळ मुद्दाम गाळायचे. पेन्सिल जागच्या जागी थांबायची आणि हे वर न बघता म्हणायचे, "गाळलंस." चौतीस वर्षांत एकदाही त्यांना फसवता आलं नाही मला.

निवृत्त झाल्यापासून दर वर्षाची एक वही आहे. पुस्तकाचं नाव, तारीख आणि एका ओळीत शेरा. एका पुस्तकाला एकच ओळ, जास्त नाही. वर्षाच्या शेवटच्या रविवारी वाचनालयात नेमाचे चार-पाच वाचक आपलं वर्षभराचं वाचन सांगतात. वीस-पंचवीस माणसं येतात, चहा असतो. यांना मुद्दाम शेवटी उभं करतात, कारण यांच्या शेऱ्यांसाठी लोक थांबून राहतात.

यंदा फेब्रुवारीत त्यांनी एक कादंबरी आणली. दीपगृहाच्या रखवालदाराची गोष्ट. वहीत शेरा पडला: 'रखवालदार फार बोलतो. चाळीस पानं कमी चालली असती.' मे महिन्यात ते वाचनालयातून आले आणि तेच पुस्तक टेबलावर ठेवत म्हणाले, "नवीन आलेलं दिसतंय. आपण वाचलेलं नाही."

दुपारी ते आडवे झाले तेव्हा मी रबर घेऊन बसले. फेब्रुवारीतल्या त्यांच्या खुणा एकेक करून खोडल्या. अठ्ठेचाळीस होत्या. रबराचा चुरा पदरात गोळा केला आणि खिडकीबाहेर झटकला, चोरी केल्यासारखा.

ऑगस्टमध्ये पुन्हा तेच पुस्तक. नोव्हेंबरात पुन्हा. आता डिसेंबरात पाचव्यांदा. मेमधल्या खुणा मी खोडल्या त्या एकतीस, ऑगस्टमधल्या एकोणीस. नोव्हेंबरातल्या बाराच होत्या, आणि त्यातली एक माझ्या हातून राहिली. पुस्तक तेच, चुका त्याच. खुणा तेवढ्या कमी होत चालल्या होत्या.

मी एकटीच गप्प नव्हते. एकदा पुस्तक परत द्यायला गेले तर ग्रंथपालबाई नोंद करता करता, मान खालीच ठेवून म्हणाल्या, "काकू, काकांनी हेच परत नेलं होतं, बरं का."

"आवडलं असेल."

"हो, असेल की. मी आपलं सांगितलं." आणि त्यांनी शिक्का नीट बसला की नाही ते उगाच दोनदा बघितलं.

लेक दर संध्याकाळी फोन करते. "बाबा कसे आहेत?" "वाचत बसलेत." "मग छान आहे." त्या 'छान'च्या पुढे ती थोडी थांबायची. मीही थांबायचे. मग आम्ही दोघी तिच्या शेजाऱ्यांविषयी बोलायचो.

रविवारचं मात्र मला सुचत नव्हतं. त्या पंचवीस माणसांपुढे हे उभे राहणार, वही उघडणार आणि एकच पुस्तक चार वेळा वाचणार. पहिल्यांदा लोक हसतील. त्यांना वाटेल, काका गंमत करताहेत. तिसऱ्यांदा कुणी हसणार नाही.

शनिवारी लेक राहायला आली. रविवारी सकाळी चहा झाल्यावर हे म्हणाले, "वहीत फार खाडाखोड झालीय. स्वच्छ प्रत करू. तू वाच, मी लिहितो."

मला देव पावला असं वाटलं. तीन ओळी गाळल्या की काम झालं असतं.

मी वही घेऊन बसले. ते नव्या कागदावर लिहू लागले. लेक पलंगावर कपड्यांच्या घड्या घालत होती. फेब्रुवारीतला रखवालदार मी वाचला. मे महिना आला तसा आवाज जराही न बदलता पुढच्या ओळीवर गेले. ऑगस्टात तेच केलं, नोव्हेंबरातही. शेवटी "पूर्ण" म्हणून वही मिटली.

"थांब." ते पेन्सिलीच्या टोकानं ओळी मोजू लागले. ही छापखान्याची सवय. "माझ्याकडे अठ्ठावीस. वहीत किती?"

"तेवढ्याच असतील."

"मोज."

"बाबा, उशीर होतोय," लेक म्हणाली. "मला शर्टाला इस्त्री करायचीय अजून."

त्यांनी हात पुढे केला. मला वही द्यावी लागली. त्यांनी सावकाश मोजलं. "एकतीस." मग माझ्याकडे बघून, कितीतरी वर्षांनी, "गाळलंस."

त्यांनी वही माझ्या हातात परत दिली.

"वाच. गाळलेलंच वाच."

त्यांनी कागद सरळ केला, पेन्सिल टेकवली. मी वाचू लागले. मे. कादंबरीचं नाव. "'रखवालदार बरा वाटला स्वल्प शेवट लांबला पूर्ण.'" ऑगस्ट. तेच नाव. "'एकटेपणाविषयी इतकं खरं कुणी लिहिलेलं नाही पूर्ण.'" नोव्हेंबर. तेच नाव. "'हे पुस्तक मी फार आधी वाचायला हवं होतं पूर्ण.'"

पेन्सिल पहिल्याच ओळीपाशी थांबली होती. लेकीच्या हातातला टॉवेल अर्धा दुमडलेला.

ते उठले. खिडकीपाशी ठेवलेलं पुस्तक घेऊन आले, पान एकशे बारा काढलं, आणि वहीतला एक 'दी' आणि समासातला 'दी' शेजारी शेजारी धरले. दुसऱ्या वेलांटीला ते वर जरासा बाक देतात. दोन्हीकडे तो होता.

"म्हणजे तो शहाणा मीच," ते म्हणाले.

"बाबा, होतं असं," लेक म्हणाली. "माझंसुद्धा होतं. परवा मी एक सिनेमा अर्धा बघितला आणि मग..."

त्यांनी तिला हातानंच थांबवलं, रागानं नाही. मग पुस्तक उजेडात तिरकं धरून एकेक पान बघू लागले. रबर फिरलेला कागद तिरक्या उजेडात पांढुरका दिसतो. हे मला माहीत नव्हतं. त्यांना माहीत असणारच.

"कुणी खोडलं?"

"मी."

"प्रत्येक वेळी?"

"हो."

"चांगलं खोडलंयस. कागद नाही फाटला कुठे." ते खुर्चीवर बसले. चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. स्वच्छ प्रतीचा कागद बाजूला सारला, एक कोरा घेतला, त्यावर पेन्सिल टेकवली आणि खाली बघतच म्हणाले, "आता वाच. वहीत नाहीये ते."

लेकीनं माझ्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत 'नको' होतं. वर्षभर माझ्याही डोळ्यांत तेच असणार. मी वही पुन्हा घेऊन गुडघ्यावर सरळ केली, घसा साफ केला, पूर्वी नवा गठ्ठा सोडताना करायचे तसा.

"तुम्ही विसरायला लागला आहात स्वल्प," मी वाचलं, "आणि मे महिन्यापासून मी ते लपवते आहे पूर्ण."