मुंढ्याचं वळण

मुंढा कापताना कात्री उचलायची नसते. खांद्यापासून काखेपर्यंत एका ओघात जायचं. मध्ये थांबलं की कापडाला दात पडतो, आणि तो दात बाही जोडली तरी अंगावर दिसतो.

*

लिफ्टला एक रोजचा ब्रेक असतो आणि एक, कधी लागायची वेळ न येवो, असा.

*

भिंतीकडे तोंड करून जेवणारा माणूस. पाठीमागे काय चाललंय ते त्याला दिसत नाही. दिसू नये म्हणूनच तो तसा बसलाय.

*

रबराचे टोकदार कोन, रस्ता खोदताना मांडतात तसले. उभे किती ते कुणी मोजत नाही. मोजतात ते आडवे.

*

"बाबा, सोमवारी सकाळी माझ्या ऑफिसातला एक जण येईल गाडी बघायला. नुसती बघायला."

*

स्टेंट टाकून झाल्यावर डॉक्टर म्हणाले, आता सगळं पूर्वीसारखं करा. सगळं म्हणजे काय, ते विचारायचं राहून गेलं.

*

तर आता हे तुकडे जोडून घेऊ.

नवरा लिफ्टचा मेकॅनिक. बायको कपडे बेतते. घरातच, पुढच्या खोलीतल्या मोठ्या टेबलावर. दोघांत मिळून एक लहानशी लाल गाडी, बरीच जुनी, पण इंजिन खणखणीत. महिन्यातून एका रविवारी दोघं ती घेऊन ऑटोक्रॉसला जातात. घाऊक बाजाराचा ट्रकतळ त्या दिवशी रिकामा असतो. डांबरावर कोन मांडून एक वाट आखायची, त्या वाटेनं एका वेळी एकच गाडी सोडायची, आणि सोबत घड्याळ. कोन पाडला की दोन सेकंदांचा दंड. बक्षीस म्हणजे टाळ्या. बघायलाही कुणी येत नाही, कारण आलेल्यांपैकी निम्मे गाडी चालवत असतात आणि उरलेले निम्मे पडलेले कोन उभे करत असतात. मग पाळी बदलते.

वाट दर वेळी वेगळी, आणि ती आखणारं माणूसही वेगळं. या वेळी पहिल्यांदाच तिची पाळी होती. क्लबचा नियम एकच: त्या दिवशी सकाळपर्यंत आखणी दुसऱ्या कुणीही बघायची नाही.

आता पुढची खोली ती एवढीशी. टेबल तिथंच, जेवणंही तिथंच. टेबलावर खाकी कागद पसरून ती आखत बसली की हा ताट घेऊन भिंतीकडे वळायचा. मोरीकडे जाताना कानशिलाला तळहात लावायचा, झापडं लावलेल्या घोड्यासारखा.

"अहो, बघितलंत तर कुणाला कळणार आहे?"

"मला कळेल ना."

असा आठवडा गेला.

*

खरी गोष्ट भिंतीची नव्हती. स्टेंटनंतर तो दोनदा ट्रकतळावर जाऊन आला होता, आणि दोन्ही वेळा मांडीवर पाण्यानं काठोकाठ भरलेला पेला ठेवल्यासारखी त्यानं गाडी चालवली होती. दुसऱ्या वेळी परतताना सिग्नलला थांबल्यावर तो म्हणाला, "मजाच येत नाही गं."

ती सिग्नलचे उतरते आकडे बघत होती.

"पुढच्या वेळी एकदा बघतो. तुझी आखणी आहे म्हणून. तेव्हाही नाही आली, तर देऊन टाकू गाडी. पोरगी म्हणतेच आहे गिऱ्हाईक आहे म्हणून."

"बरं," ती म्हणाली.

तिचं 'बरं' कसं घ्यायचं ते इतक्या वर्षांत त्याला समजलेलं नाही. त्यानं ते होकारात धरलं आणि हिरवा लागल्यावर गाडी अलगद पुढे काढली.

*

सकाळ. डांबर अजून थंड. आखणी कोनांनिशी जमिनीवर उतरते आहे. प्रत्येक कोनाच्या बुडाभोवती खडूनं चौकोन काढायचा असतो, म्हणजे कोन उडाला तरी जागा सापडते. क्लबचा खडू जाडजूड, लहान मुलाच्या मनगटाएवढा. तिनं सवयीनं खिशातला आपला कापडावर आखायचा चपटा खडू काढला, आणि तो तिसऱ्या कोनाशीच संपला.

"मास्तरीणबाई, डांबराला काजं करायचीत का?" बेकरीवाली ओरडली. ही क्लबातली सगळ्यात वेगवान बाई. पहाटे भट्टी लावून येते, बाहीला अजून पीठ असतं.

"तू बटणं घेऊन ये, मग करते."

मग सगळ्यांनी वाट पायी चालून बघायची. हाही निघाला. एकेका कोनापाशी थांबायचा, वाकून बघायचा आणि पुटपुटायचा. इथं ब्रेक. इथं हलका. इथं पूर्ण. मैदानाच्या टोकाला दिव्याच्या खांबाला वळसा घालणारं एक भलंमोठं वळण होतं. तिथं तो सगळ्यात जास्त वेळ थांबला आणि त्यानं चार ठिकाणी ब्रेक ठरवले.

ती मागून चालत होती, ओठ घट्ट मिटून, तोंडात टाचण्या धरल्यासारखी. आखणाऱ्यानं कुणाला काही सुचवायचं नसतं. नवऱ्याला तर नाहीच.

*

पहिली फेरी.

निघाला. ब्रेक. डावीकडे. ब्रेक. कोन. पुढचा कोन. ब्रेक. छातीत काही झालं? नाही. गॅस. ब्रेक. खांब. ब्रेक. ब्रेक. उजवीकडे. काही झालं? नाही. ब्रेक. संपलं.

"लिफ्टवाले आले," लाउडस्पीकरवर टायमिंगवाले काका म्हणाले. काका निवृत्त हेडमास्तर आहेत आणि आकडे निकाल लागल्यासारखे वाचतात. "सगळे मजले घेत आले."

मैदानभर हसू फुटलं. तोही हसला. हेल्मेटमध्ये हसू दिसत नाही हे बरं असतं. ते कितपत खरं आहे हेही दिसत नाही.

*

दुसरी फेरी.

या वेळी त्यानं जिद्द धरली. गॅस जास्त, ब्रेक उशिरा आणि जोरात. गाडी हुंदके देत गेली. खांबाच्या वळणावर मागचं चाक सरकलं आणि एक कोन आडवा झाला.

"आमच्या धंद्यात ब्रेक लागला नाही तर पेपरात येतं," तो उतरत बेकरीवालीला म्हणाला.

"आणि उगाच लागला तर?"

"तर लोक दोन मजल्यांच्या मध्ये अडकतात."

"मग?" बेकरीवाली म्हणाली आणि आपल्या गाडीकडे गेली.

बायको गाडीच्या टपावर हात ठेवून उभी होती. तिनं फक्त भुवया उंचावल्या.

"तो सोमवारचा माणूस किती वाजता म्हणाली गं पोरगी?" त्यानं विचारलं.

*

मग त्याची मैदानातली पाळी. त्याला नेमकं खांबाचंच वळण मिळालं. हातात लाल झेंडा, कमरेला वॉकीटॉकी, वर ऊन. वळणाच्या बाहेरून गाड्या बघायच्या, कोन पडला की उभा करायचा.

बाहेरून बघताना एक गोष्ट त्याच्या नजरेत भरली. गाड्यांचे मागचे दिवे. बहुतेकांचे तो जिथं जिथं ब्रेक दाबत होता तिथंच लागत होते: लाल, विझला, लाल, विझला.

बेकरीवाली आली. तिचे दिवे लागलेच नाहीत. मात्र तिच्या गाडीचं ढुंगण जरा जास्तच बाहेर आलं, आणि एक कोन उडून घरंगळत पार नाल्याच्या कडेला गेला.

पुढची गाडी सुटायच्या रेषेवर येऊन उभी होती. ती यायच्या आत कोन जागेवर हवा.

त्यानं झेंडा काखेत मारला, कोन उचलला, खडूचा चौकोन शोधला, कोन त्यात बसवला, सरळ केला आणि परत आपल्या जागी येऊन वॉकीटॉकीवर म्हणाला, "एक कोन. लावला."

पुढची गाडी लाल होती. त्याचीच. आत ती.

आखणाऱ्याची फेरी निकालात धरत नाहीत, पण वाट चालते की नाही हे दाखवायला तिला एकदा जावं लागतं. वळणात शिरण्याआधी तिचे दिवे एकदा मिणमिणले. मग नाहीत. टायरचा एकच लांब आवाज येत राहिला, ना चढ ना उतार, आणि लाल गाडी खांबाभोवतून अशी गेली की...

हा आवाज त्यानं ऐकला होता.

कुठं, ते आठवायला क्षणभर लागला. भिंतीकडे तोंड, ताटात भाकरी. मागे टेबलावर कागदातून जाणारी कात्री. पुठ्ठ्यावर असो, कापडावर असो, काहीही आखलं की कापून हातात घेतल्याशिवाय तिला चैन पडत नाही. त्या रात्री कात्री चालू झाली होती ती चालूच राहिली होती. खर्रर्र. एकदाही उचलली नव्हती.

तो वळणाकडे बघत राहिला. आतून त्यानं एकेक कोन बघितला होता. इथून कोन दिसतच नव्हते. दिसत होती एक गोलाई, आत जरा आवळ, पुढे मोकळी होत गेलेली.

"मुंढा आहे हा," तो झेंड्याला म्हणाला.

*

जेवणाच्या सुट्टीत दोघं गाडीच्या सावलीत बसले. डबा मध्ये.

"अहो, तुम्ही धावलात."

"कधी?"

"मघाशी. मी सुटायच्या रेषेवर होते ना, समोर दिसत होतं. नाल्यापर्यंत गेलात आणि आलात."

"कोन पडला होता."

"छाती?"

खिशात किल्ल्या आहेत का बघावं तसा त्यानं छातीवर हात ठेवला. "आहे."

तिनं भाजीचा डबा त्याच्याकडे सरकवला.

"एक विचारू? नियमात बसत असेल तर सांग. त्या कागदाला कात्री लावलीस, ती मध्ये किती वेळा उचललीस?"

तिचा घास हातातच राहिला. "तुम्ही बघितलंत?"

"ऐकलं."

ती एकदम उठली आणि तिथूनच ओरडली, "काका! आखणी बघायची नाही म्हणजे ऐकायचीही नाही का?"

टायमिंगवाले काका डब्यातून मान वर न करता म्हणाले, "ऐकण्याबद्दल नियमात काही नाही. का? कोण ऐकतंय?"

"नवरा."

"मग विक्रमच म्हणायचा."

बेकरीवालीला ठसका लागला.

*

तिसरी आणि शेवटची फेरी.

झेंडा पडला आणि तो निघाला, पहिलं डावं वळण आलं तेव्हा त्यानं जवळच्या कोनाकडे बघितलंच नाही, त्याच्या पुढच्याकडे बघितलं, आणि तिथं पोचेपर्यंत नजर आणखी पुढे गेली होती, पाय गॅसवर होता आणि तो उचलायची गरज आहे की नाही हे पायाचं पायालाच कळत होतं, नागमोडीतले कोन उजवीकडून डावीकडून गेले, टाके पडावेत तसे, सुरुवातीला जवळ आणि मग लांब लांब, तिनं ते मुद्दाम तसे मांडले होते, वेग वाढेल तशी जागा वाढेल असे, आणि वेग वाढत होता, हेल्मेटमध्ये स्वतःचा श्वास ऐकू येत होता आणि तो नुसता श्वास होता, मग खांब आला, आत शिरण्याआधी एकदा, एकदाच, बोट लावावं इतका ब्रेक, आणि मग स्टिअरिंग वळवून तसंच धरून ठेवलं, गाडी कलली आणि कलूनच राहिली, टायरचा तो आवाज आला, ना चढ ना उतार, आणि त्यानं मध्ये कात्री उचलली नाही, गोलाई आपणहून मोकळी होत गेली, मोकळी होत गेली, शेवटच्या दोन कोनांचं दार समोर सरळ उघडं होतं आणि तो त्यातून बाहेर पडला तेव्हा थांबायचं असतं हे त्याला जरा उशिरा आठवलं.

*

काकांनी आकडा वाचला. फार मोठा नव्हता, फार लहानही नव्हता. निकालात तो मधोमध कुठंतरी आला. त्यानं आकडा ऐकला नाही. तो हेल्मेट काढायच्या आधीच विचारत होता, "अजून एकदा सोडतील का?"

"नाही," ती म्हणाली. "मैदान आवरायचंय."

"एकदाच गं."

"अहो, लोक कोन गोळा करायला लागलेसुद्धा."

त्याचे केस घामानं कपाळाला चिकटले होते. तो गाडीतून उतरला, पुन्हा बसला, इंजिन चालूच आहे हे लक्षात आल्यावर ते बंद केलं आणि पुन्हा उतरला. मग फोन काढून मुलीला लावला.

"हां, बाबा बोलतोय. तो तुझ्या ऑफिसातला... येऊ दे की. बघायलाच यायचंय ना त्याला?" मुलगी काहीतरी बोलली. "मग बघू दे. चहा देऊ, गाडी दाखवू, आणि पाठवून देऊ." मुलगी पुन्हा काहीतरी बोलली, जरा जास्त वेळ. "नाही, बरा आहे मी. आवाज असा येतोय कारण... धावत होतो. हो. आई आहे ना इथं, विचार तिला."

त्यानं फोन तिच्याकडे दिला आणि कोन गोळा करायला गेला. खांबाच्या वळणावरचे त्यानं स्वतः उचलले, एकात एक घालत. डांबरावर खडूचे चौकोन तेवढे उरले, ओळीनं, गोलाईत.

*

गाडी विकत घेतली त्या दिवशी दुकानापासून घरापर्यंत ती बायकोनं चालवत आणली होती. त्याला तेव्हा गाडी येत नव्हती.