वंशावळीतलं शेवटचं नाव

मित्रांनो, अंगावर बोटभर धूळ घेऊन बोलतोय, तेव्हा आवाज घोगरा वाटला तर समजून घ्या. मी पवित्र शास्त्राचा, म्हणजे बायबलचा, एक जुना, जाडजूड ग्रंथ आहे. सध्या प्रार्थनामंदिराच्या मागच्या खोलीत, मोडक्या बाकांखाली पडून असतो.

मला बांधणाऱ्या कारागिराने जुना करार आणि नवा करार यांच्या मध्ये चार कोरी पानं शिवली होती. घराण्यातली नावं लिहायला. मग मी एका सुतारांच्या घरी गेलो. कोणी जन्मलं, कोणाचं लग्न झालं, कोणी देवाघरी गेलं, की मला टेबलावर मांडत. थोरले दादा वळणदार अक्षरात नाव लिहीत आणि शाई वाळेपर्यंत कोणी शिंकायचंही नाही! रविवारी दादा माझ्यातली येशूची वंशावळ वाचू लागले, की मुलं जांभया देत. अमक्याला तमका झाला, तमक्याला फलाणा... दादांना मात्र एकेक नाव तोंडपाठ.

दादांचा धाकटा भाऊ घड्याळजी होता. त्याला मूल नव्हतं. एके दिवशी तो आणि त्याची बायको अनाथाश्रमातून तीन महिन्यांची मुलगी घेऊन आले. लाडाने तिला ठकी म्हणत.

"दादा, हिचं नाव लिहा," घड्याळजी म्हणाला.

दादांनी मला मिटलं. "इथे रक्ताची नावं असतात. ही कोण, कुठली?"

घड्याळजीची बायको दादांपुढे कधी तोंड उघडत नसे. त्या दिवशी बोलली. "मत्तयाचा पहिला अध्याय तुम्हीच वाचता ना, दादा? अब्राहामापासूनची ती सगळी नावं योसेफावरूनच येशूपर्यंत जातात. आणि योसेफ तर येशूचा जन्मदाता नव्हे, सांभाळणारा बाप!"

दादा जास्तच चिडले. मला कपाटात घालून त्यांनी किल्ली खिशात टाकली. वाचायला दुसरा लहान ग्रंथ आणला. अकरा वर्षं मी अंधारात काढली.

तोवर दादांची मुलं परगावी गेली, ती गेलीच. दादांची नजर अधू झाली, हात कापू लागले. ठकी शाळा सुटली की येऊन त्यांना वाचून दाखवी. एका दुपारी त्यांनी किल्ली तिच्या हातात दिली. "मोठा ग्रंथ काढ. मत्तयाचा पहिला अध्याय वाच."

ती अडखळत वाचत गेली. योसेफाचं नाव आलं तसे दादा म्हणाले, "थांब. आता मधली पानं उघड आणि तुझं नाव लिही. मीच लिहायला हवं होतं गं. आता हात ऐकत नाही."

"कुठे लिहू, मोठे बाबा?"

"तुझ्या बापाच्या नावाखाली. आणखी कुठे?"

तिने जिभेचं टोक बाहेर काढून लिहिलं. ओळ तिरकी गेली. दादांनी ओल्या अक्षरांवरून बोट फिरवलं. बोट निळं झालं, ते त्यांनी दिवसभर पुसलं नाही.

पुढे दादा गेले. त्यांची तारीख माझ्यात कोणी लिहिली नाही. ठकी परिचारिका होऊन दूर देशी गेली. दादांच्या मुलांनी घर विकलं आणि मला खोक्यात घालून इथे आणून सोडलं. आता वाळवी तेवढी विचारपूस करते.

गेल्या महिन्यात दाराबाहेर एका वयस्क बाईंचा आवाज ऐकू आला. "काळ्या चामड्याचा मोठा ग्रंथ होता हो. त्यात माझं नाव आहे, मीच लिहिलंय. नात विचारते, आपण कोणाचे? तिला ते पान दाखवायचंय."

राखणदार म्हणाला, "इथे नुसती रद्दी आहे, बाई. घराण्याबिराण्याचं काही नाही."

 त्यांची पावलं दूर गेली. मित्रांनो, मला हाक मारता येत नाही.

म्हणून तुम्हाला सांगतो. तुमच्याही घरात एखादा जुना ग्रंथ, एखादी वही पडली असेल. तिला रद्दी म्हणण्याआधी एकदा उघडून बघा. आत कोणीतरी वाट बघत असतं.