सरळ केलेला मंगळ

आमच्या विज्ञान केंद्राचे साहेब टापटिपीचे. भिंतीवरचं चित्र केसभर कललं तरी त्यांना घास गिळवत नाही. समिती येण्याच्या आदल्या दिवशी ते दालनात शिरले आणि मंगळाच्या गोलापुढे थबकले.

"फिटर, हा वाकडा का?"

"साहेब, मंगळ पंचवीस अंश कललेलाच असतो. म्हणून तर तिथे उन्हाळा-हिवाळा होतो. ताई रोज सांगतात."

"तुम्हाला कुणी खगोलशास्त्र विचारलंय? समितीसमोर वाकडी वस्तू नको. सरळ करा."

झालं, माझं डोकं फिरलं. म्हटलं, जा खड्ड्यात. दांडा कापला, पाणसळ लावून सरळ धरला आणि वेल्डिंग मारलं. एका आख्ख्या ग्रहाचे ऋतू मी सव्वा तासात बंद करून टाकले, तेही मधे चहा पिऊन. साहेबांनी चारी बाजूंनी बघून मान डोलावली.

रागाच्या भरात एक गोष्ट मी सोयीस्करपणे विसरलो. समिती गोल बघायला येत नव्हती, ताईंना बघायला येत होती. ताई म्हणजे आमच्या मार्गदर्शिका. नऊ वर्षं तात्पुरत्या. उद्याचं प्रात्यक्षिक पसंत पडलं तर कायम, नाहीतर महिनाअखेरीस नारळ. घरी वडील अंथरुणाला खिळलेले आणि कमावणाऱ्या या एकट्या. त्या दिवशी त्या वडिलांना घेऊन दवाखान्यात गेल्या होत्या. फोन करून सांगता आलं असतं. पण मी फुगून बसलो होतो ना!

दुसऱ्या दिवशी साहेबांनी गोलावरची चादर अशी झोकात ओढली, जणू मंगळ त्यांनीच बाळंतपण करून आणलाय. ताईंनी गोल बघितला आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. तरी बिचारीने सुरुवात केली. मधे सूर्याचा दिवा, भोवती चाकांच्या स्टँडवर मंगळ. ढकलत ढकलत अर्धी फेरी झाली. उजेड वर तेवढाच, खाली तेवढाच.

समितीच्या अध्यक्षबाईंनी चष्मा पुसला. "ऋतू कुठे आहेत यात?"

ताईंनी साहेबांकडे बघितलं. साहेब छताकडे बघत होते. अचानक त्यांना पंख्यात फार रस वाटू लागला होता.

मला राहवलं नाही. पुढे झालो, स्टँडसकट गोल उचलला आणि दाराच्या दिशेने कलता धरला. चौदा किलो. "बोला ताई," म्हटलं, "मी फिरतो."

फिरणं सोपं वाटतं. पण ग्रह सूर्याभोवती फिरताना कल बदलत नाही, एकाच दिशेला राहतो. म्हणजे फेरी गोल मारायची आणि तोंड सतत दाराकडे. कधी आडवं चालायचं, कधी मागे, खेकड्यासारखं. समितीतला एकजण फिसकन हसला. हस बाबा.

ताईंना आवाज सापडला. "आता मंगळ सूर्यापासून लांब आहे, म्हणून सावकाश चालतोय. काका, हळू. वरच्या अर्ध्या भागात उन्हाळा आणि खालच्या भागात हिवाळा, तोही लांबलचक. दक्षिण ध्रुवावर एवढी थंडी की हवाच गोठून जमिनीवर बसते. आता सूर्याजवळ. काका, भरभर! आता दक्षिणेत उन्हाळा, छोटा पण कडक. भर दुपारी विषुववृत्तावर उभे राहिलात तर पायांना ऊब आणि डोक्याशी गारठा. त्याच रात्री शून्याखाली सत्तर."

मंगळाचं वर्ष आपल्या जवळजवळ दोन वर्षांएवढं. माझ्या कंबरेला ते पूर्ण पटलं.

फेरी संपली तेव्हा अध्यक्षबाई उठून उभ्या होत्या. "इतकी वर्षं वाचत आले, कळलं आज," त्या म्हणाल्या आणि तिथेच कागदावर सही केली. ताई कायम झाल्या. सगळ्यात जोरात टाळ्या कुणी वाजवल्या असतील? साहेबांनी. वर म्हणाले, "कल्पना माझीच होती, माणसाने ग्रह उचलायचा."

सगळे गेले. मी कंबर धरून खुर्चीत बसलो होतो. ताईंनी पाणी आणून दिलं. मला वाटलं, आता आभार मानतील. मीही 'त्यात काय एवढं' म्हणायच्या तयारीत होतो.

"काका, इथे वेल्डिंग तुमच्याशिवाय कुणाला येतं?"

"साहेबांनी सांगितलं म्हणून..."

"साहेबांना कळत नाही. तुम्ही नऊ वर्षं रोज ऐकताय."

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यांनी पर्स घेतली आणि वडिलांना बातमी सांगायला निघून गेल्या. साहेबांना सुनवायला माझ्याकडे पन्नास वाक्यं तयार होती. ताईंना सांगायला एकही नव्हतं.